आधी लेबल झाका: व्हिस्की, वाइन, बिअर चाखून बघण्याची माझी पद्धत

सगळ्यात आधी न पिणारा माणूस शोधा. प्रत्येक ग्रुपमध्ये असा एक तरी असतोच. एरवी तो बिचारा कोपऱ्यात थम्स अप घेऊन सगळ्यांचा चखणा संपवत बसलेला असतो. चाखण्याच्या कार्यक्रमात मात्र तोच मुख्य माणूस. बाटल्या आत स्वयंपाकघरात, त्याच्या ताब्यात. कुठल्या ग्लासात काय ओतलंय हे फक्त त्याला ठाऊक, आणि शेवटचा कागद गोळा होईपर्यंत त्याने तोंड उघडायचं नाही. आमच्याकडे हे खातं माझ्या नणंदेकडे आहे. ती थेंबालाही शिवत नाही, पण कागद गोळा करताना चेहरा इतका निर्विकार ठेवते की ही बाई पोलिसात कशी गेली नाही, असं वाटतं.

मी मसाल्याच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. धणे, मिरची, हळदीचे नमुने हुंगायचे, चाखायचे आणि हा माल मागच्या मालासारखाच आहे का, एवढंच सांगायचं. ‘छान आहे’ असं लिहायला आमच्या फॉर्मवर जागाच नाही. घरी व्हिस्कीला मी तीच शिस्त लावली. चारजण जमले की पहिला प्रश्न येतो, ‘यातली भारी कुठली?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी ठेवायचा. आधी विचारायचं, यातली वेगळी कुठली? वेगळेपणच ओळखता येत नसेल, तर भारी-हलकी ठरवणार कशावरून? किमतीवरून आणि लेबलावरून. ते तर दुकानात उभ्या उभ्याही जमतं.

वेळ रविवारी सकाळी अकराची. हसू नका. कारखान्यातही नमुने याच सुमाराला चाखतात, कारण नाश्ता जिरलेला असतो, जेवणाला अवकाश असतो आणि जीभ ताजी असते. रात्री आठला माणूस दिवसभराचे चहा, सिगरेट आणि साहेबावरचा राग घेऊन येतो. त्याला काय कळणार? सकाळी दारू म्हटल्यावर सासूबाईंची भुवई वर गेली होती. मी त्यांना माप दाखवलं. “एवढंच? हे तर खोकल्याचं औषध झालं,” म्हणाल्या आणि मटणाच्या तयारीला लागल्या. जेवण नंतरच, आणि मटण शिजायला लावायचं तेही ग्लास उचलले गेल्यावर. कांदा-खोबरं भाजल्याचा वास घरात भरला की व्हिस्कीतलं निम्मं हरवतं. उदबत्ती नको, अत्तर नको, परफ्यूम नको. मोगऱ्याचा गजरा घालून आलेल्या वहिनींना मी गजरा बाहेर शू-रॅकवर ठेवायला लावला होता. त्यांनी आजतागायत मला माफ केलेलं नाही.

माप १५ मिली. चार ग्लासांची एक फेरी म्हणजे ६० मिली, एक लार्ज पेग, आणि तो दीड तासात. सहाजण असले तर प्रत्येकाला एक ग्लास द्यायला बाटलीतून ९० मिलीच जाते, म्हणून महागाच्या बाटल्यांची वर्गणीही परवडते. येणाऱ्यांनी रिक्षाने यायचं. बिअर-वाइनला २१ आणि बाकी दारूला २५ वर्षं पूर्ण हवीत, आणि परवाना हवा, हा आपल्या राज्याचा कायदा आहे. आजीवन परवाना एकदाच काढून टाकला की विषय संपतो.

ग्लास सगळे एकसारखे पाहिजेत. पोटाला रुंद आणि तोंडाला निमुळते असले तर उत्तम. लहान वाइन ग्लास चालतात, स्टीलचे चालत नाहीत. ओतलं की प्रत्येक ग्लासावर एक बशी झाकून ठेवायची, म्हणजे वास आत साठतो. ग्लासाखाली चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर तीन आकडी नंबर: ४१७, ८५२, ३०६ असे कुठलेही. अ, ब, क लिहिलंत तर ‘अ’ला उगाच मान मिळतो. १, २, ३ लिहिलंत तर पहिला नंबर आधीच लागून जातो. मेडिकलमधून सुईशिवायची दहा मिलीची सिरिंज आणून ठेवा, पाणी मोजायला लागेल. टेबलावर साधं पाणी आणि लादीपाव, बास. शेव, चकली, मसाला पापड, खारे शेंगदाणे कपाटात. त्यावरून कुरकुर होते, होऊ द्या.

आणि मध्यभागी एक पिकदाणी. तोंडात घोळवून थुंकायचं म्हटलं की आपल्या लोकांचा जीव कासावीस होतो. आमच्यातला सीए पहिल्यांदा म्हणाला होता, “पैसे थुंकायचे?” सक्ती नाही. पण दोन फेऱ्या करायच्या असतील, तर दुसऱ्या फेरीत ज्यांचं नाक जागं असतं ते सगळे थुंकणारेच असतात.

आता पहिली फेरी, माझी सगळ्यात आवडती. प्रत्येकापुढे तीन ग्लास ठेवायचे. दोघांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात वेगळी. वेगळा ग्लास उचलून दाखवायचा. आवड-निवड विचारायचीच नाही. याला त्रिकोणी चाचणी म्हणतात. १९४०च्या दशकात डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत ती आकाराला आली आणि आज चहापासून चिवड्यापर्यंत सगळीकडे वापरली जाते. या फेरीसाठी दुकानात शेजारी शेजारी असणाऱ्या, पण किमतीत चांगला फरक असलेल्या दोन ब्लेंडेड, म्हणजे वेगवेगळ्या व्हिस्की मिसळून केलेल्या, व्हिस्की घ्या. ज्याला त्याला खात्री असते की आपल्याला लगेच कळणार.

सहाजणांतले दोघं नुसत्या नशिबानेच बरोबर येतात, कारण तीनात एक शक्यता आहेच. चार किंवा जास्त बरोबर येणं हेही नशिबाने दहातून एकदा घडतं. पाचजण बरोबर आले तर मात्र फरक खरा आहे असं धरून चालायला हरकत नाही. आंधळेपणाने तसं होण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा कमी आहे. आमच्याकडे या फेरीत बहुतेक वेळा दोघं-तिघंच बरोबर येतात. मग नणंद आतून दोन्ही बाटल्या आणून ठेवते आणि महागडी आणणारा माणूस थोडा वेळ गप्प होतो. एक लक्षात ठेवायचं: कधी दोघांत स्वस्त नि एकात महाग, कधी उलट, आणि वेगळ्या ग्लासाची जागा प्रत्येकासाठी बदललेली. नाहीतर शेजाऱ्याकडे बघून कॉपी होते. शिकली-सवरलेली चाळिशीची माणसं यात कॉपी करतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरी फेरी चाखायची. माझा ठरलेला संच सांगते, तुम्ही बदलू शकता. बंगळुरूच्या अमृतची साधी सिंगल माल्ट (म्हणजे एकाच कारखान्यातली, नुसत्या मोड आणलेल्या सातूंची व्हिस्की), गोव्याच्या पॉल जॉनची ब्रिलियन्स, पुन्हा तीच अमृत वेगळ्या नंबराखाली, आणि शेवटी पॉल जॉनचीच बोल्ड. बोल्ड शेवटीच, कारण तिच्यात धूर आहे, आणि धूर एकदा तोंडात बसला की पुढचं काही कळत नाही. या सगळ्या ४६ टक्क्यांच्या आहेत, त्यामुळे एकमेकींशी सरळ लढत होते. आपल्याकडची नेहमीची व्हिस्की ४२.८ टक्क्यांची असते. ती या संचात घ्यायची असेल तर ओतणाऱ्याने ४६वालीच्या ९० मिलीत साधारण सात मिली पाणी घालून दोन्ही एका पातळीवर आणायच्या. नाहीतर जी जास्त जाळते तिलाच लोक ‘दमदार’ म्हणतात.

आधी नुसता रंग बघा आणि विसरून जा. स्कॉचमध्ये कॅरमेलचा रंग घालायला कायद्याने परवानगी आहे, त्यामुळे गडद म्हणजे जुनी असं काही नसतं. मग बशी काढून नाक ग्लासाच्या काठावर न्या, आत खुपसू नका. खुपसलंत तर अल्कोहोल नाक बधिर करून टाकतं. तोंड किंचित उघडं ठेवून हळू श्वास घ्या. ग्लास खाली ठेवा. कागदावर लिहा. पुन्हा एकदा. मग छोटा घोट, जिभेवर चार-पाच सेकंद, मग गिळा किंवा थुंका, आणि तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. त्या सोडलेल्या श्वासात बरंच काही मिळतं. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातला मोठा भाग या मागच्या दाराने नाकात गेलेला वासच असतो.

लिहून होईपर्यंत कोणीही बोलायचं नाही. हा नियम मोडला की कार्यक्रम संपलाच म्हणा. एकाने मोठ्याने ‘व्हॅनिला’ म्हटलं की पाचही जणांना व्हॅनिला यायला लागतो, आणि त्यात बोलणारा ऑफिसातला वरिष्ठ असेल तर विचारायलाच नको.

काय लिहायचं? इंटरनेटवरचे शब्द लिहू नका. ज्याने जन्मात हेदर नावाचं झुडूप बघितलेलं नाही त्याने ‘हेदरचा मध’ का लिहावा? आपल्याकडे काकवी आहे, मनुका आहेत, जायफळ आहे, सुकं खोबरं, फणसाचे गरे, भिजलेलं गोणपाट, नव्या चपलेचं कातडं, कात, आमसूल. बोल्डच्या वेळी आमच्या कागदांवर आलेले शब्द मी जपून ठेवलेत: ‘शाळेत गुडघा फुटल्यावर लावायचे ते आयोडिन’, ‘होळीची दुसऱ्या दिवशीची राख’, ‘मामाच्या गोठ्यातला धूर’. तिन्ही माणसं वेगळ्या गावची, आणि तिन्ही अगदी बरोबर. पीट, म्हणजे दलदलीत कुजून साठलेली वनस्पती, जाळून त्या धुरावर सातू सुकवले की फिनॉल जातीचे पदार्थ दाण्यात उतरतात. औषध, राख, धूर ही त्यांचीच तोंडं.

आता पाणी. ‘सिंगल माल्टमध्ये पाणी घालतात का?’ असं नाक मुरडणाऱ्याला सांगा की कंपन्यांचे व्हिस्की मिसळणारे तज्ज्ञ हुंगताना व्हिस्की साधारण २० टक्क्यांपर्यंत पातळ करून घेतात. २०१७ साली स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी रेणूंचं गणित संगणकावर मांडून दाखवलं की व्हिस्कीला धुराचा वास देणारं ग्वायाकोल अल्कोहोल जास्त असताना द्रवात आत विखुरतं, आणि पाणी घातलं की पृष्ठभागाकडे येतं, जिथून ते आपल्या नाकाला मिळतं. करून बघा. १५ मिलीत आठ मिली पाणी घाला, ४६चे ३० टक्के होतात. मूळ ग्लास आणि हा ग्लास शेजारी ठेवून हुंगा. ब्रिलियन्समध्ये पाण्यानंतर मला मध आणि पिकलेली केळी जास्त लागतात. आमच्या सीएला काहीच फरक लागत नाही, आणि तो तसं प्रामाणिकपणे लिहितो. बर्फ मात्र या फेरीत नको. थंडीने वास दबतो. ऑन द रॉक्स जेवणाआधी गप्पा मारताना खुशाल घ्या.

गुण देऊ नका. शंभरपैकी ८७ आणि ८९ यांतला फरक कोणाच्या बापाला कळत नाही. फक्त क्रम लावा, पहिली ते चौथी. आणि इथे त्या दोनदा ओतलेल्या अमृतची गंमत येते. एकाच माणसाने एकाच व्हिस्कीला एकदा पहिला आणि एकदा तिसरा नंबर दिलेला असतो. दिलात तर लाजू नका. रॉबर्ट हॉजसन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या वाइन उत्पादकाने तिथल्या राज्य जत्रेच्या स्पर्धेत परीक्षकांना एकाच बाटलीतली वाइन तीनदा न सांगता दिली होती. २००८ साली त्याने निकाल छापले: तिन्ही वेळा जवळपास सारखा निवाडा देणारे परीक्षक दहात एक. पण ज्याच्या कागदावर दोन्ही अमृत शेजारी शेजारी आल्या, त्याच्या मताला त्या दिवशी वजन द्या.

लेबलं उघडल्यावर बोलायला भरपूर असतं. अमृतने आपली सिंगल माल्ट २००४ साली आधी ग्लासगोत विकायला काढली, भारतात ती नंतर आली. पॉल जॉन कुंकळ्ळीची, दक्षिण गोव्यातली. सातू भारतातले, पण धुराचं पीट स्कॉटलंडहून येतं. स्कॉटलंडमध्ये मुरताना लाकडी पिंपातून वर्षाला दोनेक टक्के व्हिस्की उडून जाते, बंगळुरूत दहा-बारा टक्के. म्हणून आपल्याकडे बारा-अठरा वर्षांची वाट कोणी बघत नाही. तोवर पिंपात उरणार काय? चार-पाच वर्षांत उष्णतेमुळे लाकूड आपलं काम करून मोकळं होतं. लेबलावर वय नाही म्हणून भारतीय बाटली खाली ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं. आणि स्वस्तातली पुष्कळशी ‘व्हिस्की’ उसाच्या मळीच्या स्पिरिटवर बनलेली असते, जी युरोपात व्हिस्की या नावाने विकताच येत नाही. तरी पहिल्या फेरीत तिने तुम्हाला चकवलं असेल, तर ते तिचं कौतुकच.

वाइनची सकाळ वेगळी ठेवा, एकाच दिवशी दोन्ही नकोत. नाशिककडच्या दोन पांढऱ्या, शेनिन ब्लां आणि सोविन्यों ब्लां, शक्यतो एकाच वायनरीच्या आणि एकाच वर्षाच्या घ्या. म्हणजे जमीन तीच, हात तेच, फरक फक्त द्राक्षाचा. सोविन्यों ब्लांमध्ये चिरलेल्या ढोबळी मिरचीचा वास शोधा. तो कल्पनेतला नाही. ढोबळी मिरचीत असतात तीच पायराझिनं नावाची वासाची द्रव्यं या द्राक्षातही असतात. शेनिनमध्ये आम्हाला पेरू आणि थोडा मध मिळतो. मग एक शिराझ, ही लाल वाइन, घ्या आणि काळी मिरी शोधा. तो वास रोटंडोन नावाच्या पदार्थाचा. हा पदार्थ मिरीतही असतो, आणि २००८ साली तो ऑस्ट्रेलियात शिराझमध्ये सापडला. गंमत अशी की दर पाच माणसांतल्या एकाला तो जवळजवळ येतच नाही. म्हणजे ‘मला नाही बाबा मिरी येत’ म्हणणारा अडाणी नाही, त्याचं नाकच तसं आहे. मसाल्याच्या धंद्यात असल्यामुळे मला ही गोष्ट फार जवळची वाटते.

लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यायची, हा सल्ला युरोपातल्या थंड खोल्यांचा आहे. पुण्यात एप्रिलमध्ये खोली ३४ अंशांवर असते. फ्रिजमध्ये ठेवून १६ ते १८ अंशांवर आणा, मग ओता. पांढरी त्याहून गार, पण दात शिवशिवतील इतकी नाही. आणि एक फेरी रुमालाने डोळे बांधून करा: पांढरी आणि लाल, दोन्ही एकाच तापमानाला. २००१ साली बोर्दोमध्ये वाइन शिकणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइनच लाल रंग घालून दिली, तर त्यांनी तिचं वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केलं. डोळे नाकाला किती शिकवतात, ते घरीच कळतं.

बिअरला फार सोपस्कार नकोत. पण एक प्रयोग जरूर करा, फुकटात होतो. एकाच बिअरच्या हिरव्या काचेच्या दोन बाटल्या घ्या. एक वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवा, दुसरी गॅलरीत तासभर उन्हात. मग दोन्ही एकत्र गार करा आणि त्रिकोणी चाचणी लावा. इथे सहाच्या सहा बरोबर येतात. प्रकाशाने हॉप्समधल्या, म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधल्या, कडू द्रव्याचे तुकडे होऊन गंधकाचा उग्र, जनावरी वास तयार होतो. तपकिरी काच तो बराचसा अडवते, हिरवी फारसा अडवत नाही. यानंतर दुकानाच्या दर्शनी काचेत उन्हात मांडलेली बाटली कोणी घेत नाही. पुण्यात असाल तर दुसरा सोपा मार्ग म्हणजे ब्रुअरीत जाऊन गव्हाची बिअर मागवणं. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक, डूलाली, २००९ साली इथेच सुरू झाली. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरमध्ये केळं आणि लवंग शोधा. दोन्ही यीस्टने केलेलं काम आहे. आत ना केळं असतं ना लवंग.

कॉकटेलची तुलना करायची तर एका वेळी एकच गोष्ट बदला. ६० मिली पांढरी रम, २५ मिली लिंबाचा रस, २० मिली साखरेचा पाक, बर्फ घालून हलवा, गाळा. आता दोन ग्लास करा: एकात आत्ता पिळलेलं लिंबू, दुसऱ्यात आदल्या रात्री पिळून फ्रिजमध्ये ठेवलेलं. रम, माप, बर्फ, हलवायचे सेकंद सगळं तेच. पाहुण्यांसाठी आधीच रस काढून ठेवायची सवय या एका फेरीने सुटते. लिंबाच्या जागी कोकमाचं आगळ वापरून बघायचं असेल तर आगळात मीठ असतं, हे लक्षात ठेवून आधी कमीच घाला.

फेणी कुठल्याही संचात मिसळू नका. तिच्यानंतर नाक तासभर तिचंच असतं. ती गोव्यात जाऊनच चाखावी. परवान्याशिवाय बाटल्या हद्दीपार आणणं गुन्हा आहे आणि सीमेवरच्या बांद्याला गाड्या तपासतात. मार्चनंतर गेलात तर उर्राक आणि काजू फेणी शेजारी शेजारी घ्या. उर्राक म्हणजे काजूच्या बोंडांच्या आंबवलेल्या रसाची पहिली धार, हलकी आणि फळाच्या अंगाने जाणारी. फेणी त्यापुढच्या भट्टीची, कडक. तिसरा ग्लास माडाच्या फेणीचा. उर्राकमध्ये लिम्का, मीठ आणि चिरलेली हिरवी मिरची घालायची तिथली रीत झकासच आहे, पण पहिले दोन घोट नुसतेच घ्या, म्हणजे मिरची कशाला झाकतेय ते कळेल.

उरलेल्याचं काय? बिअर ठेवू नका. वाइन बूच घट्ट लावून फ्रिजमध्ये, लालसुद्धा, आणि तीन दिवसांत संपवा. व्हिस्कीची बाटली अर्ध्याच्या खाली गेली की आतल्या हवेने काही महिन्यांत सुगंध उतरायला लागतो. तेव्हा रिकाम्या क्वार्टरच्या बाटल्या धुऊन, पूर्ण वाळवून, त्यांत गळ्यापर्यंत भरून ठेवा. प्रत्येकीवर नाव आणि तारीख लिहा. पुढच्या खेपेला नवीन फोडलेली आणि ही क्वार्टरमधली, दोन्ही त्रिकोणी चाचणीत उतरवा.